उजनीचा मृतसाठा

‘डेड स्टोरेज’ हा धरणांच्या कामातला इंग्रजी शब्द. मराठीत त्याचा ‘मृतसाठा’ झाला आणि उजनीकाठच्या गावांत तो पेपरातून, रेडिओवरून, कालवा सल्लागार समितीच्या बैठकांतून इतका रुळला की शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला. त्याचा अर्थ साधा आहे. धरणातून कालव्याला ठरल्याप्रमाणे पाणी देता येते अशी एक किमान पातळी असते; तिच्याखाली उरते ते पाणी म्हणजे मृतसाठा. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की हे पाणी सडलेले असावे, संपलेले असावे, निदान कामाचे तरी नसावे. उजनीच्या बाबतीत हा समज फार महागात पडणारा आहे. भीमेवरच्या या धरणाची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे धरण काठोकाठ भरले तरी त्यातले निम्म्याहून अधिक पाणी कागदावर मेलेलेच असते. कोयनेच्या १०५.२५ टीएमसीच्या जलाशयात मृतसाठ्याचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे, जायकवाडीत तो सुमारे चौथा हिस्सा आहे. उजनीत तो ५४ टक्के भरतो.

शब्दाची फसगत इंग्रजीपासूनच सुरू होते. ‘डेड’ म्हणजे मेलेला, हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. कारागिरांच्या आणि इंजिनिअरांच्या इंग्रजीत मात्र या शब्दाला आणखी एक जुना अर्थ आहे : जे हलत नाही, काम करीत नाही, ज्याचा आज उपयोग होत नाही ते. पुलाच्या स्वतःच्या वजनाला ‘डेड लोड’ म्हणतात आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या वजनाला ‘लाइव्ह लोड’. पुढे वाट नसलेली गल्ली ‘डेड एंड’ होते. ‘डेड स्टोरेज’ हा याच कुळातला शब्द आणि ‘लाइव्ह स्टोरेज’ हा त्याचा जोडीदार. मराठीत येताना या जोडीची फाटाफूट झाली. ‘लाइव्ह’चे बहुतेक ठिकाणी ‘उपयुक्त’ झाले, म्हणजे शब्दामागचा अर्थ घेतला गेला. ‘डेड’चे मात्र अक्षरशः ‘मृत’ झाले. सरकारी कचेऱ्या आणि शाळांनी याच कुळातल्या दुसऱ्या एका शब्दाला जास्त समजून घेतले होते. ‘डेड स्टॉक रजिस्टर’ला तिथे ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ म्हणतात. त्या वहीत रोज वापरातली टेबले, खुर्च्या, कपाटे लिहिलेली असतात आणि त्यांना मृतवस्तू म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. पाण्याच्या वाट्याला हा समजूतदारपणा आला नाही.

धरणाच्या तळाशी काही पाणी राखून ठेवायची पद्धत सोलापूर जिल्ह्याला नवी नव्हती. शहराजवळचा एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. १८७६-७७ च्या दुष्काळातल्या कामांतून आष्टीचा तलाव उभा राहिला. अशा प्रत्येक तलावात कालव्याची मोरी तळापासून काही उंचीवर ठेवावी लागते, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण गाळाचे. नदी दर पावसाळ्यात माती घेऊन येते, ती साचायला जागा ठेवली नाही तर मोरीचे तोंड काही वर्षांतच बुजते. गाळाची ही धास्ती इतकी जुनी आहे की भोरजवळ भाटघरचे धरण बांधताना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पुराबरोबर गाळही वाहून जावा म्हणून भिंतीच्या तळाशी खास मोऱ्या ठेवल्या गेल्या. दुसरे कारण उंचीचे. कालव्याचे पाणी उताराने जाते, पंपाने नव्हे. दूरच्या आणि चढावरच्या रानापर्यंत ते पोचायचे असेल तर कालव्याची सुरुवातच उंचावरून करावी लागते. मग त्या उंचीखालचे पाणी कालव्यापुरते निकामी ठरते. उजनीचा मृतसाठा एवढा प्रचंड का, याचे उत्तर मुख्यतः या दुसऱ्या कारणात आहे.

उजनीची पायाभरणी ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली. तेव्हा ते देशाचे संरक्षणमंत्री होते. पुढे जलाशयाला ‘यशवंतसागर’ हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. जागा माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर रस्त्यालगत, टेंभुर्णीच्या अलीकडे. हेतू स्पष्ट होता : वरच्या मावळात पडणाऱ्या पावसाचे पाणी अडवायचे आणि माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर अशा अवर्षणाच्या पट्ट्यात कालव्यांनी न्यायचे. काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ पडला आणि या पट्ट्याला पाण्याची किती निकड आहे ते सगळ्या महाराष्ट्राला दिसले. १९८० मध्ये धरण पुरे झाले. भिंत अडीच किलोमीटरहून लांब आहे आणि तिला ४१ दरवाजे आहेत.

धरणाच्या वरचा भीमेचा प्रदेश सपाट आहे. नदीला उतार बेताचाच, दोन्ही बाजूंना डोंगर नाहीत. अशा जागी पाणी अडवले की ते खोल साचण्याऐवजी दूरवर पसरते. उजनीचा फुगवटा करमाळा, इंदापूर आणि कर्जत तालुक्यांना भिजवत थेट दौंडपर्यंत जातो. कालव्यांना हवी ती उंची मिळेपर्यंत हे पसरट भांडे इतके भरावे लागते की तेवढ्यातच ६३.६६ टीएमसी पाणी खर्ची पडते. त्याच्या वरच्या थरावर मग कालव्यांचा हिशेब सुरू होतो. मृतसाठ्याच्या या पाण्याखाली जी जमीन गेली ती नदीकाठची होती, काळी, कसदार, आणि तिच्यावर शतकानुशतके गावे वसलेली होती.

ती गावे वर सरकली. काहींचे तुकडे पडले आणि तुकड्यांना आकडे मिळाले : करमाळा तालुक्यात केत्तूर नंबर १, केत्तूर नंबर २, वांगीचीही अशीच आकड्यांनी ओळखली जाणारी गावे झाली. पळसदेवचे हेमाडपंती पळसनाथाचे देऊळ पाण्यात राहिले आणि गाव महामार्गाकडे आले. मुंबई–सोलापूर लोहमार्गाचा या भागातला जुना पट्टाही हलवावा लागला. डिकसळ आणि कोंढारचिंचोलीमधला ब्रिटिशकालीन रेल्वेपूल मागे उरला आणि पुढे करमाळा–इंदापूरच्या लोकांनी तो रस्त्याचा पूल म्हणून वापरला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. उजनीची पायाभरणी होऊन तेव्हा १० वर्षे लोटली होती आणि बरीच गावे उठलीही होती. या लोकांनी जमीन दिली ती खाली, कालव्याच्या गावांना पाणी मिळावे म्हणून. धरणकाठी राहिलेल्यांच्या हाती आले ते फुगवट्याचे, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बॅकवॉटर’चे पाणी. त्यातला जो भाग उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत टिकतो, त्याचे सरकारी नाव मृतसाठा.

नावामुळे होणारा गोंधळ टक्केवारीने आणखी वाढवला. रोज सकाळी धरणाचा जो तक्ता निघतो त्यात पाणीपातळी मीटरमध्ये, एकूण साठा आणि उपयुक्त साठा ‘दलघमी’मध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये, आणि शेवटी टक्केवारी दिलेली असते. पातळी ४९१.०३ मीटरवर आली की उपयुक्त साठ्याच्या रकान्यात शून्य येते. शेजारच्या एकूण साठ्याच्या रकान्यात त्याच दिवशी १८०२.८१ दलघमी लिहिलेले असते. बातमीत बहुधा फक्त शून्य येते. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटरांहून अधिक पाणी. शून्य टक्क्यांच्या उजनीत असे ६३.६६ टीएमसी असते. पुणे शहराला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली तर त्यांचा उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी होतो. कोरडे झाले म्हणून ज्याची बातमी छापून येते त्या उजनीत त्या दिवशी पुण्याच्या भरलेल्या चार धरणांच्या दुपटीहून जास्त पाणी असते.

शून्याखाली आकडे उणे होतात. गावांत त्याला ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात आणि पावसाळ्यात पाणी परत शून्यावर चढले की ‘प्लसमध्ये आलं’. हे टक्के मृतसाठ्याचे नसतात, ते उपयुक्त साठ्याच्या मापाने मोजलेले असतात. उणे १० टक्के म्हणजे ५३.५७ चा दहावा हिस्सा, ५.३६ टीएमसी, शून्याखालून गेले. या मापाने उजनीचे पाणी पूर्ण संपायला उणे ११८ टक्क्यांच्याही खाली जावे लागेल. वरच्या टोकालाही तसेच होते. पूरकाळात पूर्ण पातळीच्या वर थोडे पाणी राखले की धरण १११ टक्के भरले असे छापून येते आणि एकूण साठा १२३ टीएमसीच्या घरात असतो. १०० च्या वर जाणारी आणि शून्याच्या खाली उतरणारी ही टक्केवारी शेतकऱ्याला पाठ झाली आहे, पण धरणाशी रोजचा संबंध नसलेल्या माणसाला ती हमखास चकवते.

मृतसाठ्याला हात लावायचा नाही, ही अगदी अखेरची राखण आहे, अशी मूळ कल्पना होती. ती टिकली नाही. एका बाजूला कालव्याखालचा ऊस वाढत गेला, दुसऱ्या बाजूला फुगवट्याच्या दोन्ही काठांवर हजारो मोटारी बसल्या, सोलापूरसाठी थेट जलवाहिनी आली, करमाळ्यासाठी दहिगावची उपसा योजना आली, भीमेचे पाणी सीनेत टाकणारा जोडबोगदा झाला. मागण्या वाढल्या तसा शून्याचा दिवस लवकर येऊ लागला. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत धरण खोल मायनसमध्ये गेले. २०१३ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी सोलापूरच्या शेतकऱ्यांचे उपोषण मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत पोचले.

या महिन्यांत काठावर काय चालते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाणी दिवसागणिक मागे हटते आणि मोटारी त्याच्या मागे जातात. पावसाळ्याअखेर बांधाशी बसवलेली मोटार एप्रिलपर्यंत किलोमीटरभर आत नेलेली असते. तिच्याबरोबर केबल वाढवावी लागते, पाइपाचे नवे नग जोडावे लागतात, स्टार्टरची पेटी चिखलात रोवलेल्या खांबावर चढवावी लागते. पाणी फारच लांब गेले की दहा-पाच शेतकरी वर्गणी काढून जेसीबी किंवा पोकलेनने चारी खोदतात आणि पाणी मोटारीपर्यंत ओढून आणतात. चार दिवसांनी पातळी पुन्हा उतरते आणि चारी पुन्हा खोल करावी लागते. वरून वीजपुरवठ्याचे तास कमी होतात, कारण खाली सोडायचे पाणी राखायचे असते. जमीन उघडी पडते ती गाळाची. तिच्यात ‘गाळपेर’ होते, कमी पाण्यावर येणारी पिके घेतली जातात. ज्याला मृत म्हणायचे त्या पाण्यासाठी माणसे कर्ज काढून इतका खटाटोप करतात, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही.

सोलापूर शहराची धडपडही याच जातीची. शहराची जलवाहिनी धरणातूनच पाणी उचलते, पण पातळी पंपगृहाच्या खाली गेली की आधी दुबार पंपिंग आणि पुढे तिबार पंपिंग करावे लागते : जलाशयात तरते पंप टाकून पाणी पंपगृहाच्या विहिरीत आणायचे आणि तिथून पुन्हा उचलायचे. शहराचा दुसरा आधार भीमा नदी. धरणातून नदीत सोडलेले पाणी पंढरपूरवरून वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत येते आणि टाकळीच्या पंपगृहातून सोलापूरला जाते. वाटेत कोरडे पात्र पाणी पिते, दोन्ही काठांच्या मोटारी पाणी उचलतात, त्यामुळे शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. उणे आकड्यांच्या काळातही ही सोडणूक होते, आणि तेव्हाच काठावरचे धरणग्रस्त आणि खालची गावे समोरासमोर येतात. दोघांचीही बाजू खरी आहे. एकाने जमीन दिली आहे, दुसऱ्यासाठी धरण बांधले आहे.

नदीत पाणी सोडता येते, याच एका गोष्टीने ‘डेड’ या शब्दाचा पाया ढिला होतो. काटेकोर तांत्रिक भाषेत ज्या पाण्याला धरणातली सर्वांत खालची मोरीही बाहेर काढू शकत नाही तेवढेच ‘डेड’. त्या मोरीच्या वर, पण कालव्याच्या ठरल्या किमान पातळीच्या खाली जे असते त्याला ‘इनॅक्टिव्ह’, म्हणजे एरवी न वापरायचा साठा, असे वेगळे नाव आहे. उजनीच्या ६३.६६ टीएमसीपैकी मोठा भाग या दुसऱ्या वर्गात पडतो. नदीच्या मोऱ्यांतून तो उताराने बाहेर जातो. आपल्या व्यवहारात दोन्ही एकाच नावाखाली आले आणि वापरण्याजोगे पाणीसुद्धा मृतांत जमा झाले. मृतसाठा ही गाळासाठी सोडलेली जागा, हा समजही अर्धाच खरा आहे. नदी स्थिर पाण्यात शिरते त्या तोंडाशीच जड गाळ आधी बसतो, आणि तो भाग बहुतेक उपयुक्त साठ्याच्या पातळीचा असतो. त्यामुळे गाळाने जागा खाल्ली ती दोन्ही साठ्यांची.

नावाने हिशेब बदलण्याचा आणखी एक प्रसंग २०२१ मध्ये घडला. पुण्याकडून उजनीत येणारे ५ टीएमसी ‘सांडपाणी’ इंदापूर तालुक्याला देण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. सोलापूर जिल्ह्यात मोठा विरोध झाला, कारण धरणात एकदा मिसळले की सांडपाणी आणि पावसाचे पाणी निराळे काढता येत नाही. मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. त्या नावामागची वस्तुस्थिती मात्र खोटी नव्हती. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. पाणी कमी झाले की ही घाण दाट होते, काठाला हिरवा थर धरतो आणि वास सुटतो. उजनीच्या पाण्याला खरोखर मारणारी गोष्ट ही आहे. तिचा मृतसाठ्याच्या पातळीशी संबंध नाही, शहरांच्या शुद्धीकरणाशी आहे.

एवढे सोसूनही हे पाणी भरपूर जीव पोसते. भिगवणच्या मासळीबाजारात रोज येणारी चिलापी आणि इतर मासळी याच जलाशयातली. पाणी उथळ होऊन दलदल उघडी पडते तेव्हा कुंभारगाव, डिकसळच्या काठावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि भोई समाजातल्या अनेक तरुणांना त्या काळात पर्यटकांना होडीतून फिरवण्याचे काम मिळते.

२०२३-२४ हे वर्ष या सगळ्या कथेचे टोक ठरले. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी ६० टक्क्यांच्या आसपासच भरली. जानेवारी २०२४ मध्ये धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे उन्हाळा लागण्याआधीच उपयुक्त साठा संपला. जूनच्या सुरुवातीला आकडा उणे ६० च्या जवळ होता. हिशेब मांडला तर ध्यानात येते की त्या हंगामात उपयुक्त साठ्यातून सुमारे ३२ टीएमसी गेले आणि जवळजवळ तेवढेच मृतसाठ्यातून. बाष्पीभवन धरूनही, त्या वर्षी सोलापूरला आणि धरणकाठाला जगवण्यात दोन्हींचा वाटा सारखा होता. पळसनाथाचे देऊळ तेव्हा पायापासून उघडे पडले, कुगावच्या जुन्या इनामदार वाड्याच्या भिंती दिसू लागल्या आणि जुन्या गावांचे म्हातारे नातवंडांना घेऊन आपापली घरे शोधायला गेले. त्याही दिवशी धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी होते.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरण उणे ५० च्या खाली असतानाही दोन तालुक्यांच्या मध्ये होडीशिवाय ओलांडता येणार नाही एवढे पाणी पसरलेले होते. वळसा घालून जायचे तर रस्त्याने फार मोठे अंतर पडते, म्हणून माणसे रोज हा प्रवास करीत होती.

जुलैमध्ये मावळात पाऊस लागला. उजनीकाठच्या माणसांचे डोळे अशा वेळी स्वतःच्या आभाळाकडे कमी आणि दौंडजवळच्या विसर्गाच्या आकड्याकडे जास्त असतात. जुलैच्या अखेरीस धरण प्लसमध्ये आले आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात शंभरीला पोचून भीमेत पाणी सोडावे लागले. ज्या महिन्यात बातम्यांत उजनी ‘उणे’ होती त्याच्या पुढच्या दोन महिन्यांत ती भरून वाहिली.

‘मृतसाठा’ हा शब्द आता कागदातून निघेल असे दिसत नाही. नियम, करार आणि पाणीवाटपाचे सारे तक्ते त्याच्यावर उभे आहेत. निदान बातमीत आणि बैठकीत टक्केवारीबरोबर एकूण टीएमसीचा आकडा सांगितला जावा, आणि उजनीची बातमी वाचणाऱ्याने तो आधी पाहावा. उणे ३० टक्के वाचून पाणी संपले असे समजू नये. तेव्हा धरणात ४७ टीएमसीहून अधिक पाणी असते, आणि काटकसर करायची ती त्याच पाण्याची.